सेटिंगमध्ये कोण जातंय? ठाण्यातल्या नऊ फोनांचं प्रकरण

उलव्याहून निघालेली पेटी सकाळी साडेआठच्या आत परळच्या मुख्य प्रयोगशाळेत पोचायला हवी होती. ती पोचली दहा वाजून गेल्यावर. पेटीत उपाशीपोटी काढलेल्या रक्ताच्या नळ्या होत्या, आणि रक्त काही वाट बघत थांबत नाही. नळीतल्या पेशी साखर खात राहतात. राखाडी टोपणाची, फ्लोराइड घातलेली नळी नसेल आणि रक्त तसंच बाहेर राहिलं, तर साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. त्या दिवशी दोन पेशंटना पुन्हा हात पुढे करावा लागला. त्यातल्या एक आजी होत्या, त्यांची शीर मुळातच सापडत नाही.

पेटी नेणाऱ्या मुलाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. ॲपने दाखवलं तसा तो अटल सेतूच्या दिशेने गेला. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीला उतरतो, तिथून परळ जवळच. फक्त या पुलावर दुचाकीला बंदी आहे. चढणीपाशी त्याला अडवलं. त्याने बाइक वळवली आणि बेलापूर, वाशी खाडीपूल, मानखुर्द असा सगळा वळसा घालून परळ गाठलं. दुपारी ठाण्याला परत आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या ॲपला बाइक कळत नाही."

ॲपला बाइक कळत होती. पूल दुचाकीला बंद असल्याची नोंदही नकाशात होती, मी स्वतः उघडून पाहिली. अडचण इतकीच होती की ॲपच्या मते हा मुलगा मोटारीत बसलेला होता.

माझं काम युजेबिलिटीचं. म्हणजे वस्तू वापरणारा नेमका कुठे अडखळतो ते शोधायचं, आणि शक्यतो त्याला दोष न देता. हे ॲप वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीने बनवलेलं. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या मंडळींसाठी पेशंटची यादी, पेटीची नोंद आणि रस्ता, हे सगळं एकाच जागी. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडात सुरू केलेला हा मुक्त नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो आणि फोनमध्ये उतरवून नेटशिवायही चालतो. ते महत्त्वाचं, कारण सोसायट्यांच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज जाते आणि नेमकं तिथूनच पुढच्या पेशंटचा पत्ता उघडायचा असतो. नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबने ते आपल्या नऊ जणांना दिलं होतं. आठ मुलं-मुली, आणि एक दादा. दादांचं वय पन्नासच्या पुढे, या कामात पंचवीस वर्षं. सगळे त्यांना दादाच म्हणतात, लॅबच्या डॉक्टरसुद्धा.

लॅबची तक्रार एका ओळीची होती: नकाशा चुकीचा आहे.

नऊ फोन टेबलावर

पहिल्या दिवशी मी काहीच विचारलं नाही. सकाळची फेरी संपल्यावर सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि एकेकाची सेटिंग्ज वहीत उतरवली. बहुतेक सगळ्या फोनांवर ती तंतोतंत तीच निघाली, जी ॲप पहिल्यांदा उघडल्यावर असतात. कुणी कशालाही हात लावला नव्हता. दादांच्या फोनमध्ये एक गोष्ट बदललेली होती, आणि कोपरखैरण्याला जाणाऱ्या मुलीने आवाज पूर्ण बंद केला होता. बस्स.

"सेटिंगमध्ये कोण जातंय मॅडम?" कासारवडवलीकडचा मुलगा म्हणाला. "काही तरी बिघडायचं."

हे वाक्य मी कंपनीच्या पहिल्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं, कारण तिथे प्रत्येक तक्रारीवर एकच उत्तर यायचं: "पण त्याला ऑप्शन आहे ना." होता. दुचाकीचा होता, टोलचा होता, भाषेचा होता. सेटिंग्जचा पडदा चार वेळा सरकवावा लागेल इतका लांब होता, आणि प्रत्येक ओळ कुणी तरी कधी तरी मागितली म्हणून आलेली होती. पण तो पडदा उघडणारा माणूस वेगळा, आणि सकाळी सव्वासहाला हेल्मेट चढवून पहिला पत्ता दाबणारा माणूस वेगळा. दुसऱ्यासाठी ॲप म्हणजे, बटणं नवीकोरी असताना ज्या बाजूला असतात ती बाजू. म्हणजे ऑफिसात बसून कुणी तरी त्याच्या वतीने घेतलेले निर्णय. यातले निम्मे निर्णय कुणी घेतलेच नव्हते असंही नंतर कळलं. प्रोग्रामरने चाचणीपुरतं काही तरी टाकलं आणि तेच राहून गेलं.

"गाडी"

आता त्या अटल सेतूकडे येते. ॲप पहिल्यांदा उघडलं की खाली तीन चित्रं दिसायची आणि त्याखाली तीन शब्द: गाडी, सायकल, पायी. चौथा, मोटारसायकल, "आणखी" या शब्दामागे लपलेला. निवड आधीच झालेली असायची: गाडी.

मी मुलांना विचारलं, हे बघितलं होतं का? चौघांनी बघितलं होतं. आणि चौघांनीही मनात म्हटलं होतं, बरोबर आहे. कारण मराठीत गाडी म्हणजे आपल्याकडे जी आहे ती. स्प्लेंडर असलेला माणूस "गाडी लावून येतो" म्हणतो, ॲक्टिव्हा असलेली मुलगी "गाडीची चावी दे" म्हणते. इंग्रजी 'कार'चं भाषांतर करणाऱ्याने गाडी लिहिलं आणि त्या एका शब्दाने नऊ दुचाकीस्वार मोटारीत बसवले. चित्र मोटारीचं होतं खरं, पण सकाळच्या उन्हात अंगठ्याएवढ्या चित्रातली मोटार कोण न्याहाळत बसतो?

दुरुस्ती दोन पायऱ्यांची झाली. शब्द बदलले: "चारचाकी", "बाइक-स्कूटर", "सायकल", "चालत". आणि या आवृत्तीपुरती बाइक-स्कूटर पहिली, आधीच निवडलेली. कंपनीतल्या एकाला हे पटेना. म्हणे ॲप उद्या मोटारवाल्यांनाही विकायचंय, मग मूळ निवड कुठलीच नको, विचारूया. विचारण्याच्या मी विरोधात नव्हते. पहिल्यांदा उघडल्यावर एकच प्रश्न, मोठ्या अक्षरात: "रोज कशावर फिरता?" आपण ठेवलेलं गृहीतक ज्या गोष्टीत चुकलं तर माणूस पुलाच्या तोंडाशी अडकतो, ती गोष्ट विचारून घ्यावी. बाकीच्या तीसेक गोष्टी विचारू नयेत. लोक कंटाळून "पुढे, पुढे" दाबतात आणि आपण पुन्हा होतो तिथेच.

गूगल मॅप्सने भारतात दुचाकीचा मोड आणला तो डिसेंबर २०१७ मध्ये. त्यामुळे या मुलांना नकाशा बाइकसाठी वेगळा रस्ता काढतो हे नवं नव्हतं. नवं हे होतं की इथे ते सांगावं लागतं.

मागच्या सीटवरून

वहीत जे सापडत नाही ते मागच्या सीटवर सापडतं. एका सकाळी कासारवडवलीच्या मुलामागे बसून मी नौपाड्याहून निघाले. फोन हँडलवर होल्डरमध्ये, वर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. कानात काही नाही, तो घालतही नाही, आणि ते चांगलंच आहे.

तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी. (आमच्या ठाण्यात चौकांना कारखान्यांची नावं. रस्ते कुठल्या थोर माणसाच्या नावाचे आहेत ते फक्त पाटीला ठाऊक. ॲप मात्र इमानदारीने पाटीवरचं नाव वाचायचं आणि ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.) माजिवड्याला पूर्व द्रुतगती मार्ग संपतो, सरळ नाशिकचा रस्ता, डावीकडे घोडबंदर. वरून पूल, पुलाला फाटे, खालून सिग्नल. इथे चुकलं की माणूस साकेतच्या पुलाकडे लागतो आणि परत फिरायला जागा शोधत बसतो.

ॲप म्हणालं, "दोनशे मीटरवर डावीकडे राहा." मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ने जाताना सेकंदाला ११ मीटर कापले जातात, म्हणजे दोनशे मीटरला १८ सेकंद. पुरेसे. पण त्या सकाळी आम्ही ताशी १० ने सरकत होतो. दोनशे मीटरला सव्वा मिनिट लागलं, तेवढ्यात एक टेंपो आडवा आला, त्याच्याशी चार शब्द झाले, आणि सूचना डोक्यातून गेली. उलट हायवेवर ६० ने जाणाऱ्याला तेच अंतर १२ सेकंदांत संपतं, आणि लेन बदलायची तर तेवढ्यात जीव वरखाली होतो. सूचना मीटरांत ठरवलेली होती, माणूस सेकंदांत जगतो. हा मूळ आकडा आम्ही बदलला: अंतर वेगावरून काढायचं, पहिली सूचना साधारण २० सेकंद आधी, दुसरी वळणाच्या तोंडाशी, आणि रस्ता रेंगाळत असेल तर मध्ये आणखी एकदा.

पुलाची गोष्ट त्याहून अवघड. पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक असतात. जीपीएस आडवं स्थान पाच-दहा मीटरांत सांगतं, पण उंचीत त्याची चूक जास्त. त्यामुळे माणूस पुलावर आहे की खाली हे फोनला आधी समजत नाही, पुढे रस्ते फाकले की समजतं. मग ते "मार्ग पुन्हा काढत आहे" म्हणतं आणि तोवर उशीर झालेला असतो. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एका बाईंची मोटार ॲपच्या भरवशावर बे ब्रिजऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून थेट खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी त्यांना वाचवलं. ही बातमी आमच्या मीटिंगमध्ये कुणी वाचून दाखवायची गरज पडली नाही, सगळ्यांनी वाचलेली होती. गूगलने जुलै २०२४ मध्ये ४० भारतीय शहरांसाठी उड्डाणपुलाची आगाऊ सूचना सुरू केली, ती याच दुखण्यावर.

आमच्या ॲपमध्येही पुलाची सूचना होती. हो, होती! सेटिंग्जमध्ये "प्रगत" या सदराखाली, मुळात बंद. कारण विचारलं तर उत्तर आलं, "जास्त बोललेलं लोकांना आवडत नाही." ते खरंही आहे. कोपरखैरण्याच्या मुलीने आवाज बंद केला तो त्यामुळेच. ॲप सरळ रस्त्यावरही दर थोड्या वेळाने "सरळ चालू ठेवा" म्हणायचं. आम्ही ते मुळात बंद केलं आणि पुलाचं मुळात चालू.

मग शब्दांवर अडलो. पहिला मसुदा होता, "पुलावर चढू नका." ठाण्यात लोक एकमेकांना असंच सांगतात, ब्रिजवर चढू नको, खालून ये. मसुदा ऐकायला आम्ही कॅडबरीच्या नाक्यावर उभे राहिलो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. बसचा हॉर्न वाजला, "नका" गेलं आणि हातात उरलं "पुलावर चढू". मुलाने मान डोलावली आणि म्हणाला, "चढायचंय ना?" तो मसुदा तिथेच मेला. आता ॲप फक्त "पुलाखालून" किंवा "पुलावरून" म्हणतं, आणि तोच शब्द दोनदा म्हणतं. आवाज मुळात फोनच्या भाषेत यायचा, म्हणजे इंग्रजीत, कारण सगळ्यांचे फोन इंग्रजीत. पण फोन इंग्रजीत असणं आणि हॉर्नच्या गोंगाटात इंग्रजी ऐकून वळणं या वेगळ्या गोष्टी. पहिल्या प्रश्नाखाली भाषेचा दुसरा प्रश्न टाकला. दोनच प्रश्न, तिसरा नाही.

कापूरबावडीच्या पुढे घोडबंदर रोडची वेगळी तऱ्हा. मुख्य रस्ता, दुभाजक, शेजारी सर्व्हिस रोड, मध्ये मेट्रो ४ चे खांब आणि पत्रे. मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांत अंतर इतकं कमी की फोनचा ठिपका आपल्या मनाने इकडून तिकडे उडी मारतो. उडी मारली की ॲप नवा मार्ग काढायचं आणि घोषणा करायचं, "शक्य होईल तेव्हा यू-टर्न घ्या." मानपाडा ते पातलीपाडा एवढ्या अंतरात मी ते तीनदा ऐकलं. मुलगा ढिम्म. "याला सवय आहे," म्हणाला. ॲपच्या बडबडीला माणसाने सरावणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट अवस्था, कारण मग खरी सूचनाही त्याच कानाने ऐकली जाते.

मार्गापासून किती मीटर सरकलं की नवा मार्ग काढायचा, याचा मूळ आकडा २० होता. सोपा उपाय म्हणून ५० केला. घोडबंदरवर शांतता झाली आणि दुसऱ्या दिवशी नौपाड्यातून ओरड आली: तिथे ५० मीटरांत पुढची गल्ली येते, चुकीच्या गल्लीत शिरलं तरी ॲप गप्प! शेवटी एकच आकडा सोडून दिला. शेजारून समांतर रस्ता जात असेल आणि माणूस त्याच दिशेने चालला असेल, तर आकडा मोठा. गल्लीबोळांत लहान. हे सेटिंग्जच्या पडद्यावर कुठेही दिसत नाही, आणि दिसूही नये.

टोल

"टोल टाळा" मुळात चालू होतं. हेतू चांगला, लोकांचे पैसे वाचावेत. पण बाइकला या नाक्यांवर टोल कधी नव्हताच. तरी मुलुंडहून ऐरोलीला जायचं तर ॲप ऐरोली पूल सोडून वर ठाण्याला न्यायचं, कळवा, विटावा, दिघा असं फिरवून खाली आणायचं. आणि चारचाकीसाठी म्हणावं तर १४ ऑक्टोबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ केला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. नाके नकाशावर तसेच, बटण तसंच, त्याचा अर्थ मात्र एका रात्रीत गेला. बाइकच्या मोडमधून ते बटणच काढलं. चारचाकीत ठेवलं पण मुळात बंद, कारण अटल सेतूचा टोल अजून आहे आणि तिथे पैसे भरून वेळ वाचवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्या बटणाच्या शेजारी आणखी एक होतं: "टोल रस्ते वगळू नका – बंद." हे वाचून मी पाच मिनिटं बसून राहिले. चालू म्हणजे काय, बंद म्हणजे काय? प्रोग्रामरलाही सांगता येईना. काढून टाकलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लहानसहान बरंच होतं, ते पटकन सांगते. बोटाने नकाशा सरकवला की तो तिथेच राहायचा, आता काही सेकंदांत परत आपल्या जागी येतो. "मार्ग संपवा" आणि "माझ्या जागी आणा" ही बटणं इतकी चिकटून होती की प्लास्टिकच्या पिशवीवरून एक दाबलं तर दुसरं लागे, ती दोन टोकांना नेली. एका मुलाचा ठिपका नेहमी भलतीकडेच, कधी उपवन तलावातसुद्धा. त्याने परवानगी देताना "अंदाजे" स्थान निवडलं होतं. अँड्रॉइड १२ पासून तसं निवडता येतं आणि मग ॲपला काही चौरस किलोमीटरांचा अंदाजच मिळतो. आता ॲप ते ओळखतं आणि मराठीत सांगतं.

दादांचा नकाशा

दादांनी बदललेली ती एक गोष्ट म्हणजे नकाशाची दिशा. ॲपमध्ये मुळात नकाशा आपल्या चालण्याच्या दिशेने फिरायचा. दादांनी सेटिंगमध्ये घुसून उत्तर कायमची वर आणली. "खाडी इकडे, डोंगर तिकडे," ते हाताने दाखवत म्हणाले. "येऊरचा डोंगर मला डावीकडे दिसला पाहिजे. तो फिरायला लागला की मला चक्कर येते." पंचवीस वर्षांत त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला नकाशा आहे, त्यांना ॲप लागतं ते फक्त इमारत शोधायला. बाकी आठ जणांना मात्र फिरणारा नकाशाच सोयीचा. मूळ निवड फिरती ठेवली. इथवर ठीक.

मग आम्ही चूक केली, आणि ती माझीही आहे.

नव्या मूळ निवडी तयार झाल्या, अपडेट गेलं, आणि नऊपैकी एकाही फोनवर काही बदललं नाही. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. ॲप पहिल्यांदा उघडताना सगळ्याच्या सगळ्या सेटिंग्ज फोनमध्ये लिहून ठेवायचं, ज्याला कुणी हात लावला नाही त्यासुद्धा. म्हणजे फोनच्या लेखी प्रत्येकाने "मोटार" स्वतः होऊन निवडली होती. नवी मूळ निवड फक्त नव्या माणसाला मिळणार, आणि इथे सगळे जुने.

लॅबचा रेटा होता, पेट्यांना उशीर होत होता. प्रोग्रामर म्हणाला, सगळं पुसून नवं लिहूया. मी म्हटलं, लिहा. नऊच तर माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दादांचा नकाशा फिरू लागला होता, आणि कोपरखैरण्याच्या मुलीचा फोन एका पेशंटच्या घरात, झोपलेल्या बाळाच्या शेजारी, खणखणीत मराठीत "पुलाखालून, पुलाखालून" ओरडला होता. तिसरं मला माहीतच नव्हतं: घणसोलीचा मुलगा रविवारी वडिलांची मोटार घेऊन जातो, कारण त्या दिवशी पेट्या जास्त असतात. त्याने मोटार खरोखर, विचार करून निवडली होती. पहिल्या दिवशी मी फोनातली निवड वहीत उतरवली होती, कुठला दिवस कशावर हे विचारलं नव्हतं.

दादा माझ्यावर रागावले नाहीत. "माझं मी नीट लावलं होतं की," एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

ते सगळं मागे घेऊन पुन्हा केलं. ज्याची निवड जुन्या मूळ निवडीपेक्षा वेगळी, ती त्याची स्वतःची समजायची आणि तिला बोट लावायचं नाही. ज्याची तीच आहे, त्याच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही: त्याने पाहिलंच नसेल, किंवा पाहून ठेवलं असेल. त्याला नवी निवड द्यायची, पण पडद्यावर एक ओळ दाखवून: "आता बाइकचा रस्ता दाखवतोय. आधीसारखं हवं?" एक दाब, जुनं परत. आणि इथून पुढे फोनमध्ये फक्त तेच लिहायचं ज्याला माणसाने स्वतः हात लावला. घणसोलीच्या मुलासाठी पहिल्या पडद्यावर बाइक आणि चारचाकीची चित्रं शेजारी शेजारी आणली. मोड त्या फेरीपुरता बदलतो, दुसऱ्या दिवशी आपोआप बाइक.

प्रोग्रामरला यात सगळ्यात जास्त काम पडलं आणि बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

कुठला सेक्टर दहा?

नवी मुंबईकडचं दुखणं वेगळं. सिडकोची स्थापना १९७० ची, आणि तिने वसवलेल्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १० ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, वाशीत, नेरुळला, खारघरलाही आहे. पेशंट फोनवर सांगतो "सेक्टर दहा, गार्डनच्या समोर", कारण त्याच्या जगात सेक्टर दहा एकच. लॅबमधली मुलगी तेवढंच टाइप करते. ॲप मग मुळात नकाशाच्या मध्यबिंदूपासून जवळचा सेक्टर दहा आधी दाखवायचं, आणि नकाशाचा मध्य म्हणजे काल रात्री कुणी तरी जिथे सरकवून सोडला तो. वाशीचा पेशंट असताना मुलगी खारघरच्या वाटेला लागली होती, तुर्भ्याच्या पुढे गेल्यावर तिलाच शंका आली.

आता शोध आधी त्या दिवसाच्या यादीतल्या पेशंटच्या नोडमध्ये होतो, आणि उत्तरात आकड्याआधी गावाचं नाव येतं: "वाशी, सेक्टर १०". पूर्वी "सेक्टर १०" आधी यायचं आणि छोट्या पडद्यावर पुढचं गाव कापलं जायचं, पाचही ओळी सारख्याच दिसायच्या. पेशंटच्या यादीत नोड न भरता पुढे जाता येत नाही. लॅबच्या मुलीला हे जाचक वाटलं आणि तिने मला तसं स्पष्ट सांगितलं. तिचं काम वाढलं, हे खरंच आहे. मी ते बदललेलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा नऊ फोन टेबलावर मांडले. सेटिंग्जमध्ये या वेळीही जवळजवळ कुणी गेलं नव्हतं. कोपरखैरण्याच्या मुलीने आवाज स्वतःहून चालू केला होता, फक्त मुक्कामी पोचल्यावर आपोआप गप्प व्हावा अशी तिची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. "नकाशा चुकीचा आहे" अशा तक्रारी उरल्या त्या खरोखर नकाशाच्या: एक सर्व्हिस रोड एकेरी असल्याची नोंद नव्हती, एका सोसायटीचं फाटक मागच्या बाजूला दाखवलेलं. त्या मुलांनीच ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्त केल्या. दुसऱ्या एका तक्रारीचं मात्र आम्हाला काही करता आलेलं नाही.

जोरदार पाऊस झाला की विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी भरतं. ॲपला रस्ता दिसतो, पाणी दिसत नाही, आणि ते मुलांना त्याच वाटेने पाठवतं. कुठलं बटण मुळात कुठे ठेवलं तर हे सुटेल? मला सापडलेलं नाही. दादा कळव्याला राहतात. पावसाळ्यात ते पावणेसहाला बाल्कनीतून बघतात, दूधवाल्याला विचारतात आणि मुलांच्या ग्रुपवर टाकतात: "विटावा पाणी. ऐरोली पुलावरून या." आम्ही एवढंच केलं की दादांची ती ओळ आता ॲपच्या पहिल्या पडद्यावर, वर पिवळ्या पट्टीत दिसते. दादा रजेवर असले की त्या पट्टीत कोणी लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.